घर सांभाळून कुस्ती : सीमाभागातल्या कर्त्या पैलवानासाठी

बापाला अर्धांग झाला, थोरला भाऊ वाटणी घेऊन वेगळा राहिला, बहिणींची लग्नं राहिलीत. कारण काहीही असो, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर नाहीतर बेळगाव तालुक्यातला पोरगा कोल्हापूरच्या तालमीतली ट्रंक उचलून गावी येतो आणि दोन वर्षांत ‘एकेकाळचा पैलवान’ होऊन बसतो. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, हे चिकोडी भागात लहान पोरंही सांगतात. मैदानात तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या बक्षिसाच्या कुस्त्या करता करता घरच्या ओझ्याखाली थांबलेल्यांची नावं मात्र त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसतात. पुढचं सगळं त्यांच्यासारख्यांसाठी आहे.

अशांची कुस्ती बहुधा एकाच कारणानं सुटते. तालमीतलं वेळापत्रक जसंच्या तसं घरी चालवायचा हट्ट धरला जातो. पहाटे चारला मेहनत, मग झोप, मग मालिश, संध्याकाळी लढती. तालमीत हे जमतं, कारण तिथं म्हशी नसतात. घरी पाचला धार काढायची, सातला डेअरीला दूध घालायचं, दिवसभर रानात राबायचं आणि वर हे वेळापत्रक, असं दोन महिने निभतं. मग गुडघा नाहीतर कंबर बोलायला लागते आणि सगळंच थांबतं. म्हणून आधी मोजायचं ते घरचं काम. त्यातून उरेल तेवढ्यात कुस्ती बसवायची.

वर्ष आधी आखा

जत्रेतली कुस्तीची मैदानं पडतात साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत. नेमका तेव्हाच ऊस जातो, निपाणीकडं तंबाखू काढणीला येतो आणि लग्नसराईही तेव्हाच. म्हणजे कुस्ती आणि घर एकमेकांच्या छातीवर बसतात ते याच महिन्यांत. हे बदलणार नाही, त्यामुळे ताकद कमवायचा काळ दुसरीकडं हलवावा लागतो.

चिकोडी-निपाणी पट्ट्यात सोयाबीनची पेरणी, भांगलण (तण काढणं) आटोपली की जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रान थोडं सैल सोडतं. खानापूर भागात रोप लावणी जुलैभर चालते, तिथं हे दिवस ऑगस्टपासून मळणीपर्यंत धरा. हे आठ-दहा आठवडे वर्षाची पेरणी समजायची. जोर-बैठका, दोर चढणं, वजन उचलणं, मानेची मेहनत, सगळी ताकद इथं लावायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेहनत कमी करून लढती वाढवायच्या. मैदानं सुरू झाली की ताकद वाढवायच्या मागं लागायचं नाही, आहे ती टिकवायची. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास भरपूर होतो.

उसाचं एक कायम लक्षात ठेवा. कारखान्याची तोड कधी येईल याचा भरवसा नसतो. टोळी दारात उभी आणि मालक मैदानात, असं झालं की घरात जे बोलणं होतं त्यानं पुढची चार मैदानं जातात. पाळी ज्या आठवड्यात अपेक्षित आहे, त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या आठवड्यात कुस्ती ठरवूच नका. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात चौकशी करून अंदाज घ्या, मगच मैदानाच्या कमिटीला शब्द द्या.

धारेचा प्रश्न पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या कामाच्या अदलाबदलीनं सुटतो. भांगलणीला जसा पैरा करतो तसा धारेला करा. शेजारच्या घरात म्हैस असेल तर तुमच्या तालमीच्या दिवशी त्यांनी तुमची धार काढायची, इतर दोन दिवशी तुम्ही त्यांची. भावाच्या किंवा बायकोच्या अंगावर न बोलता ढकललेलं काम फार दिवस टिकत नाही. पैरा मात्र फेडला तरच चालतो, हे सांगायला नको.

आठवड्याचा हिशोब

तीन दिवस आखाडा, दोन दिवस घरी मेहनत, दोन दिवस अंगाला विसावा. रानातलं काम चालूच असतं, म्हणून विसावा हा शब्द जपून घ्या.

आखाड्याच्या दिवशी पहाटे पाच ते पावणेसात. पहिली पंधरा मिनिटं अंग गरम करणं: हौदाभोवती (कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याभोवती) पळणं, कोलांट्या, मान फिरवणं. नंतर वीस मिनिटं फक्त डाव, जोडीदाराच्या निम्म्या प्रतिकारावर. मग पाच-पाच मिनिटांच्या चार लढती, मध्ये दोन मिनिटं श्वास. शेवटची लढत सगळ्यात ताज्या जोडीदाराबरोबर करा. घरच्या पैलवानाचा आधी तुटतो तो दम, ताकद नंतर जाते. मातीवरची मोठी कुस्ती वीस-पंचवीस मिनिटंही चालते, आणि दहाव्या मिनिटाला हात सैल पडले की समोरचा फक्त वाट बघत बसतो.

घरच्या दिवशी जोर २५ च्या चार फेऱ्या, बैठका ५० च्या चार फेऱ्या, दोर पाच वेळा, शेवटी पोटाचा व्यायाम. चाळीस मिनिटांत संपतं. हजार-हजार बैठकांच्या गोष्टी ऐकून कुणी मागं लागू नये. दिवसभर वाकून भांगलण केलेल्या माणसानं रात्री हजार बैठका मारल्या तर ताकद वाढण्याआधी गुडघ्याची वाटी झिजते. उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत भरल्या असतील त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डोकं टेकून मानेवर अंग पेलायचा व्यायाम बंद. मान आधीच दबलेली असते, तिला वर आणखी भार नको. खोऱ्या-कुदळीचं काम झालं असेल तर दोर सोडून द्या, पकडीची मेहनत रानातच झालेली असते.

डावांची संख्या कमी करा. तालमीत राहणारा पठ्ठा पंधरा डाव घोटू शकतो. तीन दिवसवाल्यानं चार घोटावेत: लांबून एक (एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडणं), अंगालगत एक (ढाक, म्हणजे पाठ देऊन फेकणं, किंवा टांग, म्हणजे पाय घालून पाडणं), समोरचा खाली बसल्यावर एक (घिस्सा, म्हणजे बसलेल्याला उलटवणं) आणि पट आला तर मोडायचा एक तोड. एकेरी पटात बहुतेकांचं चुकतं ते कमरेत. हात पायाला पोचतात, पण कंबर मागंच राहते. मग पाय लांबून ओढला जातो, समोरचा अंगावर पडतो आणि मान खाली दबून कब्जा जातो. आधी पुढचा पाय त्याच्या दोन पायांमध्ये टाका, छाती मांडीला भिडवा, डोकं आतून बरगडीला लावा, मग उचला. ढाकेत उलट चूक होते. पाठ देऊन वळण्याआधी समोरच्याचा तोल पुढं ओढलेला नसतो, त्यामुळे पाठ फिरवली आणि तो तिथंच चिकटला असं होतं.

घरची तालीम

दोर : दीड इंच जाडीचा काथ्याचा किंवा सुती, पंधरा-सोळा फूट. आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला बांधताना फांदीला आधी पोत्याचे दोन वेढे घ्या, नाहीतर पावसाळ्यात घासून दोर सालीपासूनच तुटतो. दर महिन्याला गाठ खाली घेऊन तपासा. नायलॉनचा दोर घामात सटकतो आणि तळहात सोलतो.

पोतं : युरियाची दोन रिकामी पोती एकात एक घालून, त्यात ३० किलो कोरडी वाळू, तोंड तारेनं न बांधता सुतळीनं शिवलेलं. खांद्यावर घेऊन पळणं, मिठी मारून उचलणं, बाजूला टाकणं हे सगळं यात भागतं. ओली वाळू भरू नका. वजन रोज बदलतं.

पुतळा : जुन्या जीन पँटचे पाय नि शर्ट शिवून त्यात भाताचा कोंडा आणि चिंध्या दाबून २५-३० किलोचा करा. पटात घुसायचा आणि उचलून टाकायचा सराव जोडीदार नसतानाही होतो. खानापूरकडं कोंडा फुकट मिळतो, इतरांनी लाकडाचा भुसा घ्यावा. पोट आणि मांड्या घट्ट भरा, गळा सैल ठेवा.

सायकलच्या दोन ट्यूब खांबाला अडकवून ओढल्या की हाताची ओढ मिळते. मुद्गल बाभळीचं, सहा ते आठ किलो. यापलीकडं घरी काही लागत नाही.

गावातला हौद

बऱ्याच गावांत तालीम आहे, पण हौद दगडासारखा झालाय. वीस फूट बाय वीस फूट हौदात माती किमान दीड फूट खोल मोकळी हवी. वरचा फक्त सहा इंच थर उकरून लढणाऱ्यांचे खांदे जातात. माती तांबडी, चाळणीनं चाळलेली, खडा-काच-मुळी नसलेली. बेळगावच्या पश्चिमेची लाल माती चांगली. काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की ढेकूळ होते, ती मिसळू नका.

हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर, काव यांचं प्रमाण जो तो वस्ताद आपापलं सांगतो. एवढ्या हौदाला वर्षातून एकदा पाच किलो हळद, वीस-पंचवीस लिटर आंबट ताक, शंभरेक लिंबांचा रस आणि पाच लिटर तेल टाकलं तर माती मऊ राहते आणि वासही चांगला येतो. त्यानं नायटा होत नाही हा मात्र गैरसमज. नायटा टळतो तो रोज माती खालीवर करण्यानं, ऊन-वारा लागू देण्यानं आणि लढत झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत साबणानं अंग धुण्यानं. पावसाळ्यात पत्र्यातून ठिबकणारं पाणी आधी बंद करा. ओल साठलेल्या हौदात आठवड्याभरात सगळ्या पोरांच्या मांड्यांवर गोल चट्टे दिसू लागतात.

पाणी मारायचं ते लढतीच्या आदल्या संध्याकाळी, झारीनं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि सोडला की फुटावा, इतकी ओल पुरे.

खुराक

पैलवानाच्या घरात भांडणं होतात ती खुराकावरून. बदामाचा खर्च बघून बाप बोलतो, आणि त्याचं चुकत नाही.

७५ किलोच्या पैलवानाला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती अशी भरतात: घरच्या म्हशीचं दीड लिटर दूध (सुमारे ५५ ग्रॅम), चार अंडी (२५), भाजलेले शेंगदाणे ७५ ग्रॅम (१९), भिजवलेले हरभरे एक मोठी मूठ (१२), जोंधळ्याच्या चार मोठ्या भाकरी (३०), वाटीभर घट्ट डाळ (१३). दीडशेच्या वर गेलं, आणि यात विकत घ्यायला अंडी सोडून फारसं काही नाही. थंडाईतल्या तीस बदामांतून मिळतात जेमतेम आठ ग्रॅम. थंडाई प्यावी, मेहनतीनंतर बरी वाटते, पण तिच्यासाठी कर्ज काढण्यात अर्थ नाही. शेंगदाणा बदामापेक्षा प्रथिनांत कमी नाही, उलट थोडा जास्तच.

दूध डेअरीला घालायचं की पोरानं प्यायचं, हा घरातला खरा वाद. तो आधीच मिटवा: हंगामात किती लिटर घरी राहील ते ठरवून सांगा आणि त्याची डेअरीच्या दरानं किंमत कुस्तीच्या वहीत खर्च म्हणून लिहा. आकडा समोर असला की आवाज चढत नाहीत.

तूप दिवसाला तीन-चार चमचे भरपूर. उन्हात राबून संध्याकाळी लढत असेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दुपारपासून घोट घोट घ्या. पोटऱ्यांत गोळे येतात त्यामागं बहुतेक वेळा हेच कमी पडलेलं असतं. ताकदीच्या नावानं मिळणारी बिनलेबलची पावडर आणि इंजेक्शनं यांना हात लावू नका. लिव्हर-किडनीचं नुकसान वेगळंच, शिवाय मॅटच्या स्पर्धेत उत्तेजक चाचणीत सापडलात तर काही वर्षांची बंदी येते.

मैदान धरताना

वर्षाला आठ-दहा मैदानं पुरेत, तीही घरापासून साठ-सत्तर किलोमीटरच्या आत. आनंदवाडी, येळ्ळूर, कंग्राळी ही बेळगावजवळची नावाजलेली मैदानं. तिथं वरच्या नंबरच्या कुस्त्यांना बाहेरचे मोठे मल्ल येतात, म्हणून आपला नंबर नीट ओळखून जोड घ्या. गावच्या जत्रेत आदल्या महिन्यात ठरलेली कुस्ती आणि मैदानात ऐनवेळी लावलेली जोड यांत पहिलीच पत्करावी. ऐनवेळी जोड लावताना अंगावर शर्ट असतो, समोरचा किती किलोचा आहे ते कळत नाही आणि हलगी वाजायला लागली की नाही म्हणणं जड जातं. पाच किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर हात जोडून मागं फिरा. त्यात कमीपणा नाही.

कमिटीशी बोलताना चार गोष्टी फोनवर ठरवून लगेच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: जोड कोण आणि कुठल्या तालमीचा, मानधन किती, कुस्ती निकाली (चितपट होईपर्यंत) की वेळ बांधून गुणांवर, आणि बरोबरीत सोडवली तर मानधन पूर्ण की निम्मं. भांडण होतं ते चौथ्यावरच. मानधनाचा किमान आकडा असा काढा: गाडीचं पेट्रोल, बरोबरच्या माणसाचं जेवण, तुमची दोन दिवसांची मजुरी (मैदानाचा आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखत असतं तो) आणि मालिश-औषधाचं थोडं. त्याखाली मिळत असेल तर ती कुस्ती हौसेची. हौसेच्या दोन कुस्त्या वर्षाला चालतील. मेंढा बक्षीस असलेली कुस्ती असेल तर तो मेंढा घरी आणायचा की तिथंच विकायचा हे आधी ठरवा, रात्री दहा वाजता मोटारसायकलवर मेंढा घेऊन येणं हा काही सोपा डाव नाही.

बरोबर एक भरवशाचा माणूस हवाच. जिंकल्यावर लोक जागेवर बक्षिसं देतात, ती गोळा करणं, कपडे-मोबाईल सांभाळणं आणि लागलं तर गाडी चालवणं ही त्याची कामं. कुस्ती करून थकलेल्यानं रात्री हायवेवर गाडी चालवू नये.

मातीबरोबर मॅट

नोकरी हवी असेल तर मातीवरची मैदानं कामाला येत नाहीत. पोलीस, रेल्वे, सैन्य यांच्या क्रीडा कोट्यात मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. जत्रेतली ढाल आणि फेटा भिंतीवर राहतात. म्हणून वयात असेपर्यंत वर्षाला निदान एक जिल्हा निवड आणि जमलं तर राज्य स्पर्धा खेळाच. १७, २० आणि २३ वर्षांखालील असे गट असतात, त्यापुढं वरिष्ठ. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला तिन्हींवर जन्मतारीख एकच असू द्या. सीमाभागात कन्नड आणि मराठी कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असतं आणि निवडीच्या सकाळी तेवढ्यावर माणूस बाहेर राहतो.

सराव कोल्हापुरात गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग कुठंही करा, पण रहिवास कर्नाटकातला असेल तर निवड कर्नाटकातूनच होणार. महाराष्ट्र केसरीचं स्वप्न इथल्या पत्त्यावर धरता येत नाही. त्याऐवजी म्हैसूरच्या दसरा कुस्तीकडं बघा.

मातीतल्या पैलवानाला मॅटवर दोन गोष्टी नडतात. लंगोट-जांघ्याला धरून ओढायची सवय तिथं चालत नाही, आणि कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या (१७ वर्षांखालील गटात दोन-दोन) दोन फेऱ्यांची असल्यामुळे पहिल्या मिनिटाला समोरच्याला जोखत बसलात तर गुण गेलेले असतात. दहा गुणांचा फरक पडला की फ्रीस्टाईलची लढत तिथंच संपते. स्पर्धेआधी महिनाभर आठवड्यातून एकदा तरी मॅटवर उतरा. वजन गटाच्या वर दोन किलोपेक्षा जास्त असेल तर वरचा गट खेळा. उपाशी राहून, घोंगडं पांघरून पळून पाच किलो उतरवणारा पैलवान वजनकाट्यावर जिंकतो आणि हौदात हरतो.

धाकटा भाऊ आठ ते चौदा वर्षांचा असेल आणि अंगात कुस्ती दिसत असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातल्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीच्या निवडीची चौकशी करा. राहणं, शाळा, खुराक सगळं तिथं होतं, घरावर बोजा पडत नाही.

दुखलं-खुपलं

कान सुजून मऊ झाला तर दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून आतलं रक्त काढून घट्ट पट्टी बांधून घ्या. आठवडा गेला की आत घट्ट होतं आणि कान कायमचा मोडतो. मोडका कान मिरवायची आपल्याकडं हौस आहे, पण ऐकू कमी यायला लागलं की हौस फिटते. घरी सुईनं फोडू नका, पू होतो.

नायट्यावर मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावली की खाज थांबते आणि चट्टा आत पसरतो. त्वचेच्या डॉक्टरनं दिलेलं औषध चट्टा गेल्यावरही सांगितलेले दिवस लावा आणि तोवर कुणाशी लढत करू नका. मातीत खरचटतंच, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी, आणि जखम खोल व मळकट असेल तर लगेच.

गुडघ्यात ‘कट’ आवाज येऊन त्याच दिवशी सूज आली तर तो मुरगळा नसतो. मालिशवाल्याकडं न जाता एमआरआय करा. शस्त्रक्रिया लागली तर आधी चौकशी करा, कारण आपलं आरोग्य कार्ड कर्नाटकाचं. कोल्हापूर-मिरजेच्या रुग्णालयात ते चालतं का हे तारीख घेण्याआधी विचारायचं, बिल आल्यावर नाही. आणि गुडघ्याच्या लिगामेंटनंतर नऊ महिने हौद नाही, मग घरचे काही म्हणोत नाहीतर वस्ताद.

खंड पडला तर

बाळंतपण, दहावं-तेरावं, दवाखाना, दुष्काळ. खंड पडणारच. दोन महिन्यांनी परत येताना पहिले दोन आठवडे नुसती मेहनत, पूर्वीच्या निम्मी. तिसऱ्या आठवड्यात ठरवून डाव, चौथ्यात दोन-दोन मिनिटांच्या लढती, सहाव्यापासून पूर्ण. पहिल्याच दिवशी जुन्या जोडीदाराशी ईर्षेनं भिडणाऱ्याची पाठ तिथंच धरते. खंडाच्या काळात निदान दोर आणि जोर आठवड्यातून दोनदा चालू ठेवले तर परत येणं निम्म्यानं सोपं होतं.

खुराक मात्र खंडाबरोबर लगेच उतरवा. कुस्ती सुटली आणि तूप-दूध तसंच राहिलं की चाळिशीत शंभर किलो, रक्तदाब आणि साखर, हे सीमाभागातल्या जुन्या पैलवानांचं ठरलेलं दुखणं. मेहनत बंद झाल्याच्या पहिल्या महिन्यातच दूध निम्म्यावर, तूप एका चमच्यावर आणा आणि रोज तासभर चाला. रानातलं काम आहे ना, असं म्हणू नका. ट्रॅक्टरवर बसून घाम येत नाही.

कागदपत्रं जपा. कर्नाटकात माजी कुस्तीपटूंना युवा सबलीकरण आणि क्रीडा खात्याकडून मासिक मानधन मिळतं, आणि अर्जाबरोबर राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचे पुरावे मागतात. अटी आणि रक्कम बदलत असते, ती जिल्हा कार्यालयातच विचारा. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, पुढं कधी मागं शिक्का घ्यायचा झाला तर अडतं. प्लॅस्टिकच्या पाकिटात उभी ठेवा, मैदानाची जाहिरात पत्रकं आणि वर्तमानपत्रातली कात्रणं तारीख लिहून वेगळी, आणि सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर. पावसाळ्यात ट्रंकेला वाळवी लागते, म्हणून ती भिंतीपासून हातभर लांब, विटांवर ठेवा.